पाचवे कारण

आजचे वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६



अठराव्या अध्यायात आपण आता बऱ्यापैकी रुळलो आहोत. त्याग म्हणजे काय, संन्यास म्हणजे काय, तीन गुणांप्रमाणे त्यागाचे तीन प्रकार कसे होतात, हे गेल्या आठवड्यात पाहून झालं. आज भगवंत एक वेगळाच हिशेब मांडतात. सांख्यांचा दाखला देऊन ते अर्जुनाला सांगतात की कोणतंही काम घडायला पाच कारणं लागतात. पहिलं अधिष्ठान, म्हणजे काम जिथे घडतं ती जागा, आपलं शरीर. दुसरा कर्ता. तिसरी साधनं. चौथ्या नाना प्रकारच्या हालचाली, खटपटी. आणि पाचवं दैव. माणूस शरीराने, वाचेने, मनाने जे काही करतो, ते चांगलं असो की वाईट, त्यामागे ही पाच असतात. आणि लगेच पुढच्या श्लोकात भगवंतांचा आवाज जरा चढतो. हे असं असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता मानतो, त्याला नीट दिसत नाही, असं ते म्हणतात.

कीर्तनात, प्रवचनात हे श्लोक येतात ते बहुतेक वेळा अहंकारावरचं औषध म्हणून. "मी घर बांधलं, मी कंपनी उभी केली, मी पोरांना शिकवलं" म्हणणाऱ्याला सांगायचं, बाबा रे, तू पाचातला एक. बाकीच्या चौघांची आठवण ठेव. ते बरोबरच आहे.

पण आज मला या श्लोकांची दुसरी बाजू बघायची आहे. "मी केलं" म्हणणारा जसा असतो तसा "माझ्यामुळे बिघडलं" म्हणणाराही असतो. त्याच्यासाठी या पाच कारणांत काही आहे का? आजारी लेकराच्या आईने स्वतःला किती दोष द्यावा? आणि दोष दिला नाही, तर ती जबाबदारी झटकते आहे असं होतं का? हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकातला नाही. तो आमच्या घरी रोज रात्री तीन वाजता उठतो.

आमच्या घरचा आकडा

नेहमी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे, नव्यांसाठी थोडक्यात सांगते. आमची धाकटी आता पाच वर्षांची आहे. तिसऱ्या वर्षी तिला टाइप वन डायबेटीस असल्याचं निदान झालं. आजी-आजोबांना होतो तो हा डायबेटीस नव्हे. यात शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच चुकीच्या दिशेला वळते आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाल्लं म्हणून हा होत नाही. आईने गरोदरपणी काही केलं किंवा केलं नाही म्हणूनही होत नाही. एकदा झाला की इन्सुलिन बाहेरून द्यावं लागतं, रोज, आयुष्यभर. पथ्याने किंवा काढ्याने भागत नाही.

म्हणजे काय करावं लागतं? सकाळी उठल्या उठल्या बोटाला टोचायचं. प्रत्येक जेवणाआधी टोचायचं. झोपताना टोचायचं, आणि पुष्कळदा मध्यरात्रीही. दिवसाला चार इंजेक्शनं, कधी पाच. दंड, मांड्या, पोट, अशी जागा बदलत द्यायची, कारण एकाच जागी दिलं की तिथे गाठ धरते आणि औषध नीट भिनत नाही. ताटात भात किती, पोळी किती, फळ किती याचा अंदाज घेऊन युनिट ठरवायचे. एवढ्याशा जिवाला अर्ध्या युनिटानेसुद्धा फरक पडतो. इन्सुलिन जास्त झालं तर साखर खाली येते. ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, चिडचिड, आणि फारच खाली गेली तर आकडी येते, शुद्ध हरपते. इन्सुलिन कमी पडलं तर साखर वर जाते, आणि फारच कमी पडलं तर रक्तात आम्ल साठून जिवावर बेततं. या दोन दऱ्यांच्या मधल्या पायवाटेवरून पाच वर्षांच्या मुलीला हाताला धरून न्यायचं. मध्येच ती हात सोडून फुलपाखरामागे पळते, कारण ती पाच वर्षांची आहे.

आता दोन रात्री सांगते. मागच्या महिन्यात एका सोमवारी आणि मंगळवारी तिचं रात्रीचं जेवण अगदी सारखं होतं. मुगाची खिचडी एक वाटी, दही अर्धी वाटी. वेळ तीच, युनिट तेच, इंजेक्शन देणारे हातही तेच. सोमवारी रात्री तीन वाजता मीटरवर आकडा आला १३२. मी देवाला हात जोडले आणि झोपले. मंगळवारी रात्री तीन वाजता आला ५४.

तिला उठवून बसवलं. डॉक्टरांनी ठरवून दिलंय तेवढं साखरपाणी पाजलं. मग पंधरा मिनिटं थांबायचं असतं आणि पुन्हा तपासायचं असतं. ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून पेंगते, घामाने तिची मान ओली झालेली असते, आणि मी घड्याळाकडे बघत असते.

या पंधरा मिनिटांत आईच्या मनात कोर्ट भरतं. वकील तीच, आरोपी तीच, न्यायाधीशही तीच. खिचडी पूर्ण खाल्ली होती ना? दही उरलं होतं का? संध्याकाळी अंगणात किती पळली? मी बघत का नव्हते? पुन्हा टोचलं, ८८ आला. पोर झोपली. कोर्ट मात्र उजाडेपर्यंत चालू राहिलं.

पाचजण मिळून

त्याच आठवड्यात मी या श्लोकांची तयारी करत होते. आणि गीता कधी कधी अशी समोर येऊन बसते की आपण दचकतो.

आमच्या मीटरवरच्या आकड्याला मी ती पाच कारणं लावून बघितली. अधिष्ठान म्हणजे तिचं शरीर. ते वाढतंय, त्याला आतून सर्दी व्हायची असेल, दात पडायचा असेल, संध्याकाळच्या पळापळीचा परिणाम कित्येक तासांनी रात्री उतरत असेल. कर्ता, म्हणजे मी किंवा तिचे बाबा, ज्यांनी युनिट ठरवले. साधनं म्हणजे सुई, पेन, पट्ट्या, मीटर, फ्रिजमध्ये जपून ठेवलेलं इन्सुलिन. खटपटी म्हणजे मोजणं, टोचणं, भरवणं, जागं राहणं, तिचं खेळणं. आणि पाचवं, जे यातल्या कशातच बसत नाही ते.

पाचजणांनी मिळून एक आकडा काढला. आणि मी रात्रभर त्यातल्या एकीलाच, स्वतःला, पिंजऱ्यात उभं केलं होतं.

मला वाटतं, इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती नीट बघायला हवी. "सगळं माझ्यामुळे झालं" हे वाक्य ऐकायला नम्र वाटतं. रडक्या आवाजात म्हटलेलं असतं. पण त्याच्या पोटात काय आहे? सगळं माझ्या हातात होतं, मी पुरेशी दक्ष असते तर काही बिघडलंच नसतं. म्हणजे तोच "मी कर्ता", फक्त काळे कपडे घालून आलेला. भगवंत जेव्हा म्हणतात की एकट्या स्वतःला कर्ता मानणाऱ्याला नीट दिसत नाही, तेव्हा ते यशाने फुगलेल्याला जसं म्हणतात तसं मध्यरात्री स्वतःला बोल लावणाऱ्या आईलाही म्हणतात. मात्र तिला म्हणताना त्यांचा हात तिच्या पाठीवर असेल असं मी समजते.

मग हात झटकायचे का?

आता तुमच्यापैकी कोणी विचारेल, आणि विचारायलाच हवं. पाचजण जबाबदार म्हटल्यावर कोणीच जबाबदार नाही असं होतं. उद्या मोजायचा कंटाळा आला की आई म्हणेल, जाऊ दे, दैव बघून घेईल. चालेल?

नाही चालणार. त्याचं उत्तर आपण गेल्याच आठवड्यात वाचलं. आपल्या वाट्याला आलेलं नियत कर्म मोहाने टाकून देणं हा तामस त्याग, आणि शरीराला कष्ट होतात म्हणून टाकणं हा राजस त्याग. दोन्हींचं फळ मिळत नाही. पाचांमध्ये कर्ता हा एक आहे, आणि एक आहे म्हणजे आहेच. त्याची जागा बाकीचे चौघे भरून काढत नाहीत.

आम्हाला याची परीक्षा द्यावी लागली. निदान झालं त्या वर्षी नात्यातले एक वडीलधारे गृहस्थ घरी आले. माणूस वाईट नाही, पोरीसाठी जीव तुटतो त्यांचा. ते म्हणाले, "हे सुया टोचणं बंद करा. माझ्या ओळखीचे एकजण आहेत, चाळीस दिवसांचं अनुष्ठान सांगतात. श्रद्धा ठेवा, इन्सुलिन सोडा." तिचे बाबा गप्प झाले. मीच म्हणाले, "काका, अनुष्ठान तुम्ही जरूर करा, मी नमस्काराला येईन. पण इन्सुलिन एक वेळसुद्धा चुकणार नाही." ते रागावून गेले. टाइप वन असलेल्या मुलाचं इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो, हे प्रत्येकाने कायमचं लक्षात ठेवावं, माझी ही हात जोडून विनंती आहे. इंजेक्शन देणं हे आमच्या घरचं नित्यकर्म आहे, संध्याकाळच्या दिव्यासारखं. ते टाकून देवाकडे जाता येत नाही. ते करतच जाता येतं.

तर मग दोष आणि जबाबदारी यांच्यात फरक काय? मला कळलेला असा. जबाबदारी पुढे बघते आणि दोष मागे. मंगळवारच्या ५४ नंतर जबाबदारीने विचारलं, वहीत काय लिहायचं आणि पळापळीच्या दिवशी झोपताना काय द्यायचं ते डॉक्टरांना कधी विचारायचं? याला पाच मिनिटं लागली. दोषाने विचारलं, तू कसली आई? याला पहाटेपर्यंतचा वेळ लागला आणि वहीत एक अक्षर उतरलं नाही. ज्या प्रश्नाने उद्याचं काम सुधारतं तो कर्त्याचा प्रश्न. ज्याने फक्त आपलं मन सोलून निघतं, तो प्रश्न आपल्या नियत कर्मात येत नाही. तो सोडायची मुभा आहे. खरं तर तोच सोडायला सांगितला आहे.

दैव म्हणजे काय?

मराठीत दैव हा शब्द आपण बहुतेक उसासा टाकताना वापरतो. दैवाने दिलं नाही, दैवात नव्हतं, दैवाचे खेळ. म्हणून मी पाचव्या कारणाकडे बरीच वर्षं घाबरूनच बघत होते. पण जुन्या आचार्यांनी या श्लोकावर काय म्हटलंय ते बघितलं आणि चकित झाले. शंकराचार्य इथे दैव म्हणजे सूर्यादी देवता असा अर्थ घेतात, ज्या डोळे वगैरे इंद्रियांवर अनुग्रह करतात. डोळा कितीही चांगला असला तरी उजेड नसेल तर त्याला काय दिसणार? उजेड डोळ्याने तयार केलेला नसतो. तो मिळालेला असतो. आणि रामानुजाचार्य तर सरळ म्हणतात की पाचवा म्हणजे आत बसलेला परमात्मा.

दोघांच्याही लेखी पाचवं कारण म्हणजे घात करणारं काही नव्हे. ते न मागता मिळालेलं साहाय्य आहे.

हे वाचल्यावर मला आमच्या फ्रिजच्या दारातली ती छोटी खोकी वेगळीच दिसू लागली. १९२१ साली कॅनडातल्या टोरोंटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिनवर काम सुरू केलं. ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याचा फारसा उपयोग झाला नाही, उलट त्रासच झाला. मग जेम्स कॉलिप यांनी औषध आणखी शुद्ध केलं आणि २३ जानेवारीला पुन्हा दिलं. या वेळी साखर खाली आली. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हातात काही नव्हतं. त्याने थोडे महिने वाढायचे, पोर डोळ्यांसमोर झिजून जायचं. पुढच्या वर्षी या शोधाचे हक्क टोरोंटो विद्यापीठाला देताना शोधकर्त्यांनी प्रत्येकी एक डॉलर घेतला. बँटिंग यांचा जन्म १४ नोव्हेंबरचा, म्हणून तो दिवस जगभर मधुमेह दिन असतो. आपल्याकडे तो बालदिन. आमच्या घरी दोन्ही एकदमच साजरे होतात.

१९२० साली माझ्यासारखीच एखादी आई आपल्या लेकराजवळ अशीच जागत बसली असेल. माझ्याइतकीच दक्ष, कदाचित जास्त. तिचं काहीच कमी पडलं नव्हतं. फक्त तिच्या हाती इन्सुलिन नव्हतं. माझी लेक आज अंगणात पळते त्यात माझी हुशारी कुठे आहे? आम्ही त्या वर्षांच्या अलीकडे जन्माला आलो. कुणा परक्या देशातल्या, परक्या भाषेतल्या माणसांनी केलेल्या कष्टांचा उजेड आमच्या डोळ्यांना मिळाला.

तेव्हा ५४ च्या रात्री ज्या पाचव्याकडे मी बोट दाखवते, त्याच पाचव्याने मला साखरपाणी पाजायला जिवंत पोर दिली आहे. बोट दाखवायचं तर दोन्हीकडे दाखवायला हवं. याने दुःख संपतं का? नाही. पण मन जे एकाच बाजूला कलंडलेलं असतं, ते थोडं सरळ होतं.

लोक काय म्हणतात

एक गोष्ट मनात खुपते, ती आज बोलून टाकते. देवळात भेटणारी, जीव लावणारी माणसं म्हणतात, "कुठल्या जन्मीचं भोगते आहे गं पोर." किंवा, "देव ज्याला झेपेल त्यालाच देतो."

मी कर्मसिद्धांत मानते. गीतेत पुनर्जन्म आहे, पुढच्या जन्मी मागचं बरोबर येतं हेही आहे. पण माझा प्रश्न वेगळा आहे. हा सिद्धांत दिला कुणाला आणि कशासाठी? तो अर्जुनाला दिला, त्याने स्वतःच्या समोरचं काम उचलावं म्हणून. शेजारच्या खाटेवरच्या लेकराची वही उघडून मागची बाकी मोजण्यासाठी दिला असं मला कुठे दिसत नाही. दुसऱ्याच्या दुःखासमोर योग्याने कसं असावं ते सहाव्या अध्यायात स्पष्ट आहे. जो आपल्यासारखंच सगळीकडे बघतो, दुसऱ्याचं सुख आणि दुःख आपल्याच सुखदुःखासारखं जाणतो, तो श्रेष्ठ योगी. म्हणजे शेजारी लेकरू आजारी असेल तर शास्त्र आपल्याला हिशेबनीस व्हायला सांगत नाही, सोयरा व्हायला सांगतं.

आणि झेपण्याबद्दल म्हणाल, तर झेपतं म्हणून कुणी करत नाही. समोर पोर असतं म्हणून करतो. मग त्यातूनच थोडी ताकद येते, आणि कधी कधी येतही नाही. दवाखान्याच्या बाकावर भेटणाऱ्या आयांपैकी एकजण मला म्हणाली, "ताई, मला सगळे म्हणतात तू किती खंबीर. त्यामुळे मला कुणापुढे रडताच येत नाही." हे ऐकून मी घरी आले आणि बराच वेळ गप्प बसले.

तिला मी पुढच्या वेळी गीतेचा पहिला अध्याय सांगितला. अर्जुनाचं अंग थरथरतं, तोंडाला कोरड पडते, धनुष्य हातातून निसटतं, आणि तो बोलत राहतो. त्या अख्ख्या अध्यायात भगवंत फक्त एकदा, एवढंच बोलतात की हे जमलेले कौरव बघ. बाकी सगळा वेळ ऐकतात. दुसऱ्या अध्यायात ते रागावतातही, पण आधी त्याचं बोलून पूर्ण होऊ देतात. आणि परंपरेने त्या अध्यायाला नाव दिलं आहे अर्जुनविषादयोग. विषादाला योग म्हटलं आहे! रडणं ही गीतेच्या बाहेरची गोष्ट नाही, गीता तिथूनच सुरू होते. तर रडावं. मात्र ज्याच्यापुढे रडायचं तो सारथ्यासारखा ऐकणारा असावा, एवढं बघावं.

झोपेचं शास्त्र

आणखी एक साधी गोष्ट. त्याच सहाव्या अध्यायात सांगितलं आहे की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही, फार झोपणाऱ्याला साधत नाही आणि सारखं जागणाऱ्यालाही नाही. जेवण, झोप, जाग, सगळं बेताचं असेल तेव्हा योग दुःख दूर करतो.

आजारी मुलांच्या आया हा श्लोक वाचतात आणि पुढे जातात, जणू तो त्यांच्यासाठी नाहीच. आईने उपाशी राहावं, आईने जागावं, हेच आपल्याकडे पुण्याचं मानलं जातं. आमच्या घरी आता पाळ्या आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार रात्रीचं मीटर तिच्या बाबांचं, बाकीचे दिवस माझे. रविवारी माझ्या सासूबाई येतात. त्यांनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मीटर शिकून घेतलं, चष्मा लावून, वहीत लिहून. पहिल्या रविवारी मला पडल्या पडल्या झोप लागेना. सासूबाई दारातून म्हणाल्या, "झोप गं. तिची आजी जागी आहे." किती साधं वाक्य! पण "मीच एकटी कर्ती" या विचारावर मला आजवर मिळालेलं सगळ्यात चांगलं भाष्य तेच आहे.

विनोबांच्या आईला संस्कृत गीता समजत नव्हती, तिने सोप्या मराठीत गीता मागितली, आणि पुढे विनोबांकडून गीताई लिहून झाली, हे आपण सगळे जाणतो. मला नेहमी वाटतं की घरच्या बायकांना गीता समजावून घ्यायची असते ती अशाच कामांसाठी. झोप कशी घ्यावी, दोष किती घ्यावा, रागावलेल्या काकांना काय उत्तर द्यावं.

तिचा प्रश्न

हे सगळं फक्त आईचं मन शांत व्हावं म्हणून असतं, तर मी कदाचित एवढं लिहिलं नसतं. पण पोरं आपल्याकडे बघून शिकतात. दवाखान्यातल्या ताईंनी आम्हाला सुरुवातीलाच बजावलं होतं, आकड्याला चांगला-वाईट म्हणायचं नाही. वर आहे, खाली आहे, बरोबर आहे, एवढंच म्हणायचं. तेव्हा मला ते शब्दांचे नखरे वाटले होते. आता कळतंय.

गणपतीत शेजारच्या काकूंनी तिच्या हातावर उकडीचा मोदक ठेवला आणि माझ्याकडे बघून ओशाळल्या, "अगो बाई, प्रसाद नाकारू नये म्हणून दिला, पण हिला चालतो का?" मी काही म्हणायच्या आत धाकटी म्हणाली, "चालतो. आई, किती युनिट?" सगळे हसले. मोजून इन्सुलिन दिलं, मोदक खाल्ला. दोन तासांनी आकडा बराच वर आला. तिने मीटर माझ्या हातातून घेतलं, आकड्याकडे बघितलं आणि विचारलं, "आई, मी काही केलं का?"

पाच वर्षांची पोर. तिच्याही मनात कोर्ट भरायला लागलं होतं.

मी तिला जवळ घेतलं आणि माझ्या हाताची पाच बोटं पुढे केली. म्हटलं, "हा आकडा पाचजणांनी मिळून केला. हे तुझं पोट. ही आई. ही सुई. हे तुझं खेळणं. आणि हा अंगठा म्हणजे बाप्पा." तिने विचार केला. मग म्हणाली, "मग आता काय करायचं?"

"आता तुझं काम पाणी पिणं, माझं काम वहीत लिहिणं आणि थोड्या वेळाने पुन्हा बघणं."

"आणि बाप्पाचं?"

"त्याचं तो करेल."

तिने माझा अंगठा धरला आणि पाणी प्यायला गेली. नंतरचा आकडा खाली आला की नाही, हे मी मुद्दाम सांगत नाही. त्या दिवशी त्याला महत्त्व नव्हतं.

तेव्हा मंडळी, आज घरात किंवा दवाखान्यात कुणाजवळ जागत असाल, तर एवढंच करून बघा. जे बिघडलं असेल त्याची पाच बोटं मोजा. आपल्या बोटाचं काम आपण करायचं, अगदी मन लावून, चुकता कामा नये असं. बाकीची चार बोटं आपली नाहीत, हे मनाला पुन्हा पुन्हा सांगायचं. आणि आसपास अशी कुणी आई असेल, तर तिला खंबीर म्हणण्यापेक्षा एक रात्र तिच्या वाट्याची तुम्ही जागा.

आजची प्रार्थना

पांडुरंगा, माझ्या हातून होणारं काम माझ्याकडून नीट करून घे. जे माझ्या हातात नव्हतं त्याचं ओझं माझ्या डोक्यावरून उतरव. ज्या अनोळखी हातांनी माझ्या लेकराला जगवलं, त्या सगळ्यांचं भलं कर. आणि आज रात्री जिथे जिथे एखादी आई घड्याळाकडे बघत पंधरा मिनिटं मोजत बसली असेल, तिथे तिच्या शेजारी जाऊन बस.

उद्याचे वाचन : अध्याय १८, श्लोक १७.

राम कृष्ण हरी.